शाळेत न बोलणारे शब्द

अंधेरीतली कंपनी बंद पडल्यावर मी जवळजवळ वर्षभर घरी होते. दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. पूनम सागर सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट, नवरा बँकेत. तो सकाळी सव्वासातला बाहेर पडला की संध्याकाळपर्यंत घरात मी आणि एक सेकंडहँड कॉम्प्युटर. मी दादरच्या दोन खोल्यांत सात माणसांत वाढलेली. इथली शांतता मला सोसेना. ओटा पुसून झाला की पुन्हा पुसायचे. गॅलरीत जायचे, आत यायचे. नोकरीच्या अर्जांना उत्तर आलंय का बघायला फोनची वायर काढून मॉडेमला लावायचे, काही आलेलं नसायचं, मग वायर परत फोनला. नवरा म्हणायचा, "जरा एका जागी बस ना." ते मला कधीच जमलं नाही.

असंच एकदा मासे आणायला भाईंदर वेस्टला गेले होते. जुन्या गावात, खाडीच्या अंगाला एक मराठी शाळा होती. तिच्या फाटकावर वहीचा कागद चिकटवलेला: 'संगणक शिकविणारे पाहिजेत. मानधन नाही.' दोन्ही वाक्यं इतकी सरळ होती की पिशवीतल्या बोंबलांसकट मी तशीच आत गेले.

कागद मराठीच्या बाईंनी लावला होता. वय पंचेचाळीसच्या आसपास, चण बारीक, बोलणं अगदी छापील. कुठल्याशा ऑफिसने जुने झालेले सहा कॉम्प्युटर शाळेला देऊन टाकले होते. कोणीतरी त्यांच्यावर लिनक्स टाकून दिलं होतं, कारण ते फुकट मिळतं. त्यानंतर सहाही मशीनवर कापडाची खोळ चढली ती उतरलीच नव्हती. मी आठवड्यातून दोन दुपारी यायचं ठरलं. निघताना बाईंनी पिशवीत डोकावून पाहिलं. "बोंबील ताजे नाहीत," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी मला सांगा. आमच्या घरचेच लोक विकतात."

बाई त्याच गावातल्या कोळ्यांच्या. हे मला तेव्हाच कळलं; त्यांच्या बोलण्यावरून ते कळण्याचा प्रश्नच नव्हता.

दोन महिन्यांनी त्यांनी मला एक दोनशे पानी वही दाखवली. एकेका ओळीत एकेक शब्द, पुढे अर्थ. जाळ्यांची नावं, वाऱ्यांची, भरतीच्या वेळांची, खाडीत मिळणाऱ्या बारीकसारीक जिवांची. सगळे शब्द गावातल्या बोलीतले.

"हे कशासाठी?" मी विचारलं.

"माझ्या वर्गातल्या मुली निबंधात म्हावरं लिहितात, होरी लिहितात. मी लाल पेनाने खोडते आणि वर मासे, होडी लिहिते. वीस वर्षं खोडतेय. माझेही शब्द असेच खोडले होते कोणीतरी, म्हणून मी अशी बोलते. आई म्हणते, तुझं बोलणं रेडिओसारखं झालंय." त्या वही मिटून म्हणाल्या, "हे कॉम्प्युटरवर घालता येईल का? शब्दावर क्लिक केलं की तो बोलला पाहिजे. नुसता वाचून तो कळत नाही."

मी हो म्हटलं. मला काहीतरी करायला हवं होतं.

बोलायचं कोणी, हा प्रश्न नव्हता. बाईंची आई तेव्हा सत्तरीला आलेली. उभा जन्म डोक्यावर पाटी घेऊन म्हावरं विकलेली बाई, मी त्यांना मावशी म्हणायचे. दिवाळीच्या सुट्टीत बाईंच्या घरी आम्ही टेपरेकॉर्डर मध्ये ठेवून बसायचो. बाई वहीतला शब्द वाचायच्या, मावशी तो आपल्या तोंडाने म्हणायच्या, आणि बहुतेक वेळा आधी बाईंनी वाचलेला शब्द कसा चुकला ते सांगायच्या. उधाण. भांग. पाग. चिंबोरी. निवटी. त्यांचा आवाज घोगरा होता. मिश्रीने बसलाय, असं त्या म्हणायच्या. तीनशेच्या वर शब्द झाले. मग मी त्या कॅसेटी घरी आणून, एकेक शब्द वेगळा कापून कॉम्प्युटरवर घेतला. दिवसचे दिवस माझ्या हॉलमध्ये मावशी एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत असायच्या. शेजारच्या गुजराती बेननी एकदा दार वाजवून विचारलं, "आपके घर में कोई बीमार है क्या?"

जानेवारीत मावशींची तपासणी झाली. घशाचा कॅन्सर होता. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. जीव वाचेल पण बोलणं जाईल, असं डॉक्टरांनी सरळ सांगून टाकलं.

मावशींनी ते ऐकून घेतलं आणि दोन दिवसांनी बाईंना विचारलं, "ता शालंत कवा वाजनार?"

ऑपरेशनची तारीख मिळाली ती पुढच्या आठवड्यातल्या सोमवारची. मी बाईंना म्हटलं, त्याच्या आधीच्या शनिवारी वाजेल. मुलांसमोर, मावशींना समोर बसवून. प्रोग्रॅम माझ्या घरी चालत होताच. आता तो फक्त शाळेच्या सहा मशीनवर बसवायचा होता, आणि त्यासाठी मी त्याचं पॅकेज केलं होतं.

पॅकेज म्हणजे गाठोडं. प्रोग्रॅम, शब्द, आवाज, सगळं एकात बांधलेलं. ते कसं बांधायचं आणि दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर कसं सोडायचं हे सांगणारी एक साधी फाइल आपण लिहायची असते. तिला स्पेक म्हणतात. नाव काय, आवृत्ती कुठली, कोणती फाइल कुठल्या जागी ठेवायची, आणि हे चालायला मशीनवर आधी काय काय असलं पाहिजे. पॅकेज मॅनेजर नावाचा प्रोग्रॅम ते वाचतो आणि सगळं जागच्या जागी लावतो. काही कमी असेल तर अडून बसतो. मी स्पेक पहिल्यांदाच लिहिली होती. सत्तर-ऐंशी ओळींची. मला तिचा फार अभिमान होता.

त्या शनिवारच्या आधीच्या सोमवारी मी सीडी घेऊन शाळेत गेले आणि पॅकेज मॅनेजरने पहिल्याच मशीनवर मला अडवलं. आवाज वाजवायला लागणारी एक लायब्ररी हवी होती, आणि शाळेत होती त्याहून नवी. लायब्ररी म्हणजे बऱ्याच प्रोग्रॅमना मिळून लागणारा सामायिक भाग. शाळेचं लिनक्स माझ्या घरच्यापेक्षा दोन वर्षं जुनं होतं. माझ्या मशीनवर बांधताना पॅकेजने माझ्याकडची नवी लायब्ररी पाहिली आणि आपल्या गरजांच्या यादीत तिचंच नाव लिहून टाकलं.

पॅकेज मॅनेजरला गप्प करायची सोय असते. काय हवं-नको ते बघू नकोस, बसव, असं त्याला सांगता येतं. मी तसं सांगितलं. त्याने बसवलं. मी प्रोग्रॅम उघडला आणि तो उघडता उघडता मेला. पुन्हा उघडला, पुन्हा मेला. बाई शेजारी उभ्या होत्या.

"उद्या नवी लायब्ररी डाउनलोड करते," मी म्हटलं. "सोपं आहे."

मंगळवारी नवरा गेल्या गेल्या मी फोनची वायर मॉडेमला लावली. ती लायब्ररी यायला पाऊण तास लागला. ती दुसरी एक लायब्ररी मागत होती. ती उतरवायला घेतली. मधेच लाइन तुटली, पुन्हा पहिल्यापासून. मी खुर्चीवर बसायचे, उठायचे, गॅस पेटवायचे, चहा टाकायचे, दूध उतू जाण्याआधी परत स्क्रीनकडे धावायचे. दुसरी आली. ती तिसरी मागत होती. आणि तिसरीला पूर्ण सिस्टिमचाच एक मोठा भाग नवा हवा होता, जो शाळेत बसवला असता तर सहाही मशीन उठली नसती. साडेबारा वाजले होते. पोळ्या केल्या नव्हत्या, अंघोळ केली नव्हती. माझ्या हाती तीन फाइली होत्या आणि तीनही निरुपयोगी.

तेवढ्यात बेल वाजली. दारात बाई. चेहरा घामाने डबडबलेला, शाळेची पर्स खांद्याला.

"सकाळपासून तुमचा फोन लागत नाही," त्या म्हणाल्या. "सतत एंगेज."

मी काही बोलायच्या आत त्यांनी सांगितलं. हॉस्पिटलातून निरोप आला होता. दुसऱ्या एका पेशंटचं ऑपरेशन पुढं गेलं, बेड रिकामा झाला. मावशींना गुरुवारी सकाळी भरती व्हायचं होतं.

"म्हणजे शनिवार नाही," मी म्हटलं.

"उद्याचा दिवस आहे. जमत नसेल तर तसं सांगा. मी आईला सांगते." मग खुर्चीच्या पाठीला धरून, माझ्याशी पहिल्यांदाच त्या बोलीत बोलल्या. "ती रोज इचारते गो. मी काय सांगू तिला?"

मी त्यांना पाणी दिलं. ते प्यायल्या आणि लगेच निघाल्या, त्यांचे दुपारनंतरचे तास होते. फोनची वायर मी काढून फोनला लावली. कोणाचा फोन येणार होता आता? तरी लावली. मग घरभर फिरत राहिले. हॉल, किचन, बेडरूम, पुन्हा हॉल. मला स्वतःचा राग येत होता. सकाळभर मी हुशारी करत बसले होते आणि ती बाई बूथवरून माझा नंबर फिरवत होती.

किचनच्या दारात मी थांबले. नवी लायब्ररी शाळेत न्यायची कशाला? जुन्या मशीनवर चालायला हवं तर जुन्या मशीनवरच बांधायचं. गाठोडं शाळेत जाऊन बांधलं तर ते शाळेत आहे तेच मागेल. इतकी साधी गोष्ट. कंपनीत असते तर शेजारच्या टेबलावरच्या कोणीतरी ती मला सकाळी नऊलाच सांगितली असती.

घरात कोऱ्या सीडी संपल्या होत्या. तशीच रिक्षा करून केबिन रोडला गेले. दुकानदाराने विचारलं, "मॅडम, दस का पॅक दूँ?" मी म्हटलं, "दो बस है." मग पुन्हा मागे फिरून पाच घेतल्या. प्रोग्रॅमचा कच्चा माल, सगळे आवाज आणि स्पेक, सगळं दोन-दोन सीडींवर उतरवलं. एक खराब निघाली तर म्हणून.

बुधवारी सकाळी आठलाच शाळेत पोचले. बाईंनी किल्ली शिपायाकडे ठेवली होती. खोळ काढली, मशीन सुरू केलं, सीडी घातली. बांधकाम सुरू झालं. जुनं मशीन, एकेक ओळ स्क्रीनवर चढायला वेळ घेत होतं. खिडकीतून खाडीकडचा वास येत होता, वाळत घातलेल्या जवळ्याचा. मी बाकांच्या रांगांमधून येरझाऱ्या घालत होते.

वीस मिनिटांनी पॅकेज तयार झालं. बसवलं. पॅकेज मॅनेजर एका शब्दाने कुरकुरला नाही. प्रोग्रॅम उघडला, आणि उघडाच राहिला. शब्दांची यादी दिसली. मी पहिल्या शब्दावर क्लिक केलं.

काही नाही.

दुसऱ्यावर केलं. तिसऱ्यावर. शब्द दिसत होता, अर्थ दिसत होता, आवाज येत नव्हता. स्पीकरची वायर पाहिली. आवाज पूर्ण वर केला. मशीनमधलं दुसरंच एक संगीत लावून पाहिलं, ते खणखणीत वाजलं. म्हणजे स्पीकर ठीक, साउंड कार्ड ठीक. आवाजाच्या फाइली आल्यात का ते पाहिलं. त्या जिथं ठेवायला सांगितल्या होत्या तिथं सगळ्या होत्या. त्यातली एक हाताने वाजवली तर मावशी ठणठणीत बोलल्या, "चिंबोरी." प्रोग्रॅममधून मात्र चिंबोरी मुकी. आणि स्क्रीनवर चूक दाखवणारी एकही ओळ नाही. ओळ आली असती तर मला काही धरायला मिळालं असतं.

पॅकेज काढलं, परत बसवलं. दुसऱ्या मशीनवर बसवलं. तिसऱ्या. तिन्ही मुकी.

साडेदहाला बाई आल्या, बरोबर मावशी. मावशी हिरवं नऊवारी लुगडं नेसल्या होत्या, केसांत अबोलीचा गजरा. त्या दारातच उंबऱ्याशी थांबल्या. खोली बघितली, फळा बघितला, सहा मशीन बघितली. बाईंनी त्यांना पहिल्या बाकावर बसवलं. लहान मुलांचं बाक ते, त्यांचे गुडघे त्यात मावेनात, त्या तिरक्या बसल्या.

"झालं?" बाईंनी मला विचारलं.

"दिसतंय," मी म्हटलं. "बोलत नाहीये."

"का?"

"तेच शोधतेय. घरी चालतं. काल रात्रीपर्यंत चालत होतं. तोच प्रोग्रॅम, तेच आवाज." मी फार भरभर बोलत होते. "घरी एकदाही असं झालं नाही."

मावशींनी लेकीकडे बघून विचारलं, "काय बोलतंय ती?" बाईंनी त्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं. मावशींनी मान हलवली आणि त्या घोगऱ्या आवाजात माझ्याशीच बोलल्या, एकेक शब्द ओढत. "तुज्या घरा चालतंय. हितं न्हाय. मंग तुज्या घरा असा काय हाय, जा हितं न्हाय?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. नवी लायब्ररी, असं सांगणार होते. पण ती अडचण तर संपली होती. मग माझ्या घरी काय होतं? माझा कॉम्प्युटर होता. त्यात माझ्या नावाचं फोल्डर होतं. त्या फोल्डरात आवाज होते.

मी स्पेक उघडली आणि वरून एकेक ओळ बोट ठेवून वाचायला लागले. सव्विसाव्या-सत्ताविसाव्या ओळीवर ते होतं. प्रोग्रॅम बांधताना आवाज कुठं शोधायचे तो पत्ता त्याला द्यावा लागतो, आणि तो मी अगदी सुरुवातीला, पहिल्या आठवड्यात, माझ्याच फोल्डरचा दिला होता. तेव्हा पॅकेजचं काही ठरलेलंही नव्हतं, नुसतं चालतंय का ते बघायचं होतं. नंतर मी आवाज पॅकेजमध्ये घातले, योग्य जागी ठेवले, सगळं केलं. ती ओळ तशीच राहिली. रोज डोळ्यांखालून जात होती आणि मला दिसत नव्हती. घरी प्रोग्रॅम दर वेळी माझ्या फोल्डरातलेच आवाज वाजवत होता. पॅकेजमधले आवाज कधी कोणी ऐकलेच नव्हते.

आणि चूक का दाखवली नाही, तेही माझंच काम. काही शब्दांचे आवाज तेव्हा झालेले नव्हते. मुलांना उगाच इंग्रजीत भीतीदायक ओळ दिसू नये म्हणून मीच प्रोग्रॅमला सांगून ठेवलं होतं, आवाज सापडला नाही तर गप्प बस. तो गप्प बसला.

"सापडलं," मी म्हटलं. "माझीच चूक आहे."

"किती वेळ लागेल?" बाईंनी विचारलं.

"वीस मिनिटं."

त्या वीस मिनिटांत मी काय केलं ते मला अजून आठवतं, कारण काहीच केलं नाही. ओळ बदलली, पत्ता बरोबर घातला, आवृत्तीचा आकडा एकने वाढवला आणि मशीनला बांधायला लावलं. मग उभी राहिले. मावशींनी बाकावर हात आपटून मला शेजारी बसायची खूण केली. मी बसले, पुन्हा उठले, पुन्हा बसले. त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं. त्यांचा हात खडबडीत आणि गरम होता. सोडलाच नाही.

मधल्या सुट्टीची घंटा झाली तेव्हा पॅकेज तयार झालं. बाईंनी सातवीच्या मुलींना आत बोलावलं, वीसेक जणी. मी क्लिक केलं.

"निवटी," मावशी स्पीकरमधून बोलल्या. खाडीच्या चिखलात उड्या मारणारा मासा.

बाकावरच्या मावशी दचकल्या नाहीत. त्यांनी डोकं थोडं बाजूला कलतं केलं. एक-दोन मुली हसल्या, कारण त्यांना ती आवाजाची मालकीण समोर दिसत होती. मी पुढचा शब्द लावला, मग पुढचा. मुली एकेका शब्दाला जागेवरून अर्थ सांगू लागल्या, वाचायच्या आधीच. बाई फळ्याजवळ हात बांधून उभ्या होत्या.

'भांग' आला. भरती मंद असते त्या दिवसांचा शब्द. त्या शब्दाच्या शेवटी मावशींना खोकला आला होता आणि तो कापायचा माझ्याकडून राहिला होता. मावशींनी हात वर केला, वर्गात करतात तसा.

"यो खोकला कार त्यातून," त्या म्हणाल्या. "सबुद परत घे."

"मावशी, मी कापते तो. नुसता खोकला काढता येतो."

"न्हाय. परत घे."

टेपरेकॉर्डर बाईंच्या घरी होता. मुलींपैकी एक पळत गेली आणि घेऊन आली. मुलींना बाईंनी ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. मावशी पाणी प्यायल्या, पदर नीट केला आणि टेपरेकॉर्डरकडे बघून म्हणाल्या, "भांग." थांबल्या. त्यांना तेही पटलं नाही. पुन्हा म्हणाल्या. चार वेळा. पाचव्या वेळी मान डोलावली. बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या.

ती कॅसेट घरी नेऊन मी तो शब्द कापला, जुन्याच्या जागी घातला. शुक्रवारी शाळेत जाऊन पॅकेज नव्याने बांधलं आणि सहाही मशीनवर बसवलं. शाळेत बाई नव्हत्या, त्या हॉस्पिटलात होत्या. सहाही मशीनवर मी प्रत्येक शब्द वाजवून पाहिला. तीनशेच्या वर शब्द, सहा वेळा. शिपाई दारातून डोकावून म्हणाला, "मॅडम, चालतंय ना आता?" मी म्हटलं, "चालतंय." तरी निघाले नाही.

ऑपरेशन नीट झालं. महिन्याभराने मी बाईंच्या घरी गेले तेव्हा मावशी ओसरीवर बसून जवळा निवडत होत्या. गळ्याला पांढरं फडकं बांधलेलं. मला बघून त्यांनी ताटली जमिनीवर आपटली, म्हणजे बस. मग लेकीला बोलवायला टाळी वाजवली. बाई चहा घेऊन आल्या. मी विचारायला नको होतं, पण विचारलं, मावशी ते शब्द ऐकतात का.

"नाही ऐकत," बाई म्हणाल्या. "मी कॅसेट लावली होती एकदा. उठून बाहेर गेली."

मावशी खाली बघून जवळ्यातला कचरा काढत होत्या. त्यांना ऐकू अर्थातच येत होतं. मी चहा घाईघाईने प्यायले, जीभ भाजली. इतके दिवस मी धरून चालले होते की आपण मावशींसाठी काहीतरी करून ठेवलं. तसं ते नव्हतं. रिक्षात बसल्यावरही माझं मन थाऱ्यावर येईना.

जूनमध्ये मला गोरेगावला नोकरी लागली. शाळेच्या दुपारी बंद झाल्या. शनिवारी येईन म्हटलं होतं, दोन-तीनदा गेले, मग नाही.

पावसाळा संपता संपता एका दुपारी बाईंचा ऑफिसात फोन आला. काही अडलंय का, असं मी आधी विचारलं. काही अडलं नव्हतं. मुली ते शब्द रोज लावतात, बाई सांगत होत्या, आणि आता सगळ्या जणी ते शब्द म्हणताना घसा बसवून म्हणतात, हुबेहूब आईसारखा. त्यांना वाटतं तो शब्द तसाच म्हणायचा असतो. बाई आधी रागावल्या होत्या त्यांच्यावर. मग सोडून दिलं. आणि परवा आई डबा द्यायला शाळेत आली होती. वर्ग चालू होता, वीस जणी एका सुरात घोगऱ्या आवाजात बोलत होत्या. ती दाराबाहेर उभी राहिली. बाईंनी तिला पाहिलं, पण थांबवलं नाही. तास संपेपर्यंत ती तिथेच होती, भिंतीला टेकून. काल पुन्हा आली. डबा बाईंकडे होताच, तरी आली.

"त्या काय..." मी म्हटलं आणि पुढचा शब्द सुचेना, कारण मावशी काही म्हणू शकत नव्हत्या.

"बसायला खुर्ची दिली तर नको म्हणाली. हाताने."

मी रिसिव्हर धरून उभी होते. माझ्या स्क्रीनवर दुसऱ्याच कोणाचं पॅकेज अडकलेलं होतं आणि टेबलाशी दोघं जण माझी वाट बघत होते. "बाई, मी नंतर फोन करते," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "हो, हो, कामात आहात." तो फोन मी केला चार दिवसांनी, आणि तेव्हा त्या वर्गावर होत्या.